चारजोडी

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत माणसाचं खरं नाव रेशनकार्डावर असतं आणि लग्नपत्रिकेत छापलं जातं. मधल्या काळात पेठ जे नाव ठेवते त्यावर सगळा व्यवहार चालतो. आमच्या मित्राला पेठ 'चारजोडी' म्हणते. एका पतसंस्थेत अकाउंटंट आहे, नोकरी पक्की, घर वडिलोपार्जित, कर्ज नाही. कपाटात मात्र चार शर्ट आणि दोन पँटी. त्यातला एकही कपडा पहिल्यांदा त्याच्या अंगावर चढलेला नाही.

अशी माणसं हल्ली ताराबाई पार्कातही भेटतात आणि राजारामपुरीतही. पूर्वी ज्याच्याकडे चार जोड असत तो त्याबद्दल गप्प बसे. लग्नाकार्यात मागच्या रांगेत उभा राही, कोपरावरचं ठिगळ दिसू नये म्हणून हाताची घडी घाली. हा नवा प्रकार पुढच्या रांगेत उभा राहतो आणि ठिगळ दाखवतो. तुम्ही त्याच्या शर्टाकडे नुसती नजर टाकली तरी पुरे.

"भावा, ह्यो कितीचा असंल सांग."

"दोन हजार?"

"साठ रुपयं! बटणं बी ओरिजनल हाईत."

साठ रुपयांच्या या खरेदीमागे सहा आठवड्यांची पायपीट असते. आठवडी बाजारात जमिनीवर ताडपत्री टाकून जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. तिथे हा उकिडवा बसून एकेक शर्ट उलटा करतो. आधी कॉलर, मग काखेतली शिवण, मग शेवटून दुसरं काज. शेवटून दुसरं का, हे त्याने मला एकदा पाऊण तास समजावलं होतं. पोट सुटलेल्या माणसाचा शर्ट तिथं आधी दगा देतो म्हणे. घरी आणल्यावर शर्ट रात्रभर मिठाच्या पाण्यात, मग टेलरकडे. तो बिचारा ऐंशी रुपये घेऊन साठच्या शर्टाच्या बाजू मारून देतो. हे ऐंशी रुपये चारजोडीच्या हिशोबात कधीच येत नाहीत. आणि म्हणे अकाउंटंट.

त्याच्याकडे तत्त्वज्ञान भरपूर आहे. कपाटात जी जागा रिकामी राहिली ती त्याने तत्त्वज्ञानाने भरली असावी. महात्माजींनी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत अंगरखा-टोपी सोडून पंचा नेसायला सुरुवात केली, ही तारीख त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. गाडगेबाबांचं नाव तर चहाच्या प्रत्येक कपाबरोबर निघतं. गाड्यावरचे एक आजोबा एकदा वैतागून म्हणाले, "बाबा चिंध्या घालून हातात खराटा घेत हुते. तुझ्या हातात मोबाईल हाय." त्यावर चारजोडीने विषय खासबागेच्या कुस्त्यांवर नेला. "श्रीपती खंचनाळे १९५९ ला पहिले हिंदकेसरी झाले, ते काय ब्लेझर घालून? लंगोटावर गाव मोठं झालं आपलं!" यावर कोल्हापुरात कुणाला उलट बोलता येत नाही.

पाण्याच्या हिशोबात मात्र तो फसला. एका सुती टी-शर्टाला कापसाच्या शेतापासून दुकानापर्यंत २,७०० लिटर पाणी लागतं, असा एक आकडा जगभर सांगितला जातो. चारजोडीने तो कट्ट्यावर फेकला. कट्टा थोडा वेळ गप्प झाला. मग कोपऱ्यातून आवाज आला, "मग जुलैत घेऊ की कापडं. तवा पाण्याला तोटा न्हाई."

त्याचं सर्वांत आवडतं प्रवचन गांधीनगरावर आहे. दिवाळीच्या आधी पेठेतली माणसं सहकुटुंब गांधीनगरच्या कापडबाजारात निघाली की हा कोपऱ्यावर गाठतो. "कुठं चाललाय ठाऊक हाय का? ती जागाच सेकंडहँड हाय!" यात त्याचं चुकत नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून उखडले गेलेले जवळजवळ पाच हजार लोक, त्यात बायकामुलंच जास्त, १९४३ पासून याच जागी, वळिवड्याच्या छावणीत राहिले. ते गेले आणि फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत आली. त्यांनी कापडाचा धंदा उभा केला. आज सांगली-बेळगावपासूनची दुकानदार मंडळी तिथं ठोक माल भरायला येतात. नेसत्या वस्त्रानिशी निघालेल्यांच्या छावणीचं कापडाचं कोठार झालं. चारजोडी हे सांगतो तेव्हा मी मनापासून ऐकतो, कारण त्यात त्याचा शर्ट नसतो. पण ऐकणाऱ्याच्या बायकोला पाच वाजताची केएमटी गाठायची असते.

रंगांच्या बाबतीत त्याला शहाणा म्हणावं लागेल. चारही शर्ट मातकट, गडद निळे, किरमिजी. तांबड्या रश्श्याच्या गावात पांढरा शर्ट घेणारा माणूस एक तर पुढारी असतो, नाही तर अजून जेवायला बसायचा असतो. मिसळीचा कट उडाला तरी चारजोडीच्या किरमिजी शर्टावर तो दिसत नाही. त्याची खरी दुश्मनी गुलालाशी. चैत्रात जोतिबाची यात्रा, भाद्रपदात विसर्जन, आणि मधल्या काळात ग्रामपंचायतीपासून दूध संघापर्यंत कुठली ना कुठली निवडणूक. कोल्हापुरात माणूस गुलालापासून फार तर दोन महिने लांब राहू शकतो. वीस शर्टवाल्याचा एक रंगला तर तो हसतो. चारजोडीचा रंगला की पाव कपाट गेलं. म्हणून मिरवणूक वळताना दिसली की हा जवळच्या मेडिकलमध्ये शिरतो आणि उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतो.

चपलेपाशी मात्र तत्त्वाला मुरड पडली. चप्पल तो नवी घेतो, कोल्हापुरी, चप्पल लाइनीतून, घासाघीस करून. मी विचारलं तर म्हणाला, "जुनी चप्पल मिळती की. अंबाबाईच्या देवळाभायेर. पर तिला सेकंडहँड म्हणत न्हाईत, चोरी म्हणत्यात."

पण हे सगळं उन्हाळ्या-हिवाळ्यातलं. चारजोडीला जोखायचं तर आषाढात. गगनबावड्याकडून एकदा फळी धरली की आठ-आठ दिवस दोरीवरचा कपडा वाळत नाही, नुसता जुना होतो. वीस जोडवाला माणूस या काळात वरचे बारा वापरतो आणि खालच्या आठांना वाट बघायला लावतो. चारजोडीचा सोमवारचा शर्ट बुधवारी दमट असतो, मंगळवारचा गुरुवारी ओला असतो, आणि शुक्रवारी पतसंस्थेत वार्षिक सभा असते. मग घरात जे सुरू होतं त्याला युद्धच म्हणायला हवं. एक पँट पंख्याखाली, एक शर्ट न्हाणीघरात बंबाच्या कडेला, मोजे फ्रीजच्या पाठीमागच्या उबदार जाळीवर. उरलेल्या ओल्या शर्टावर इस्त्री फिरवून त्याची वाफ काढायची. त्या वाफेत बंबाचा धूर आणि जुन्या मालकाचं अत्तर मिसळून जो वास येतो त्यावरून सभेत त्याची खुर्ची न बघता सापडते.

"भावजी, ह्यांचे चार जोड म्हंजे माझं रोजचं धुणं," वहिनी एकदा म्हणाल्या. "वीस असते तर आठवड्यातनं दोनदा मशीन लावलो असतो. हे साधं राहत्यात आणि मी राबतो."

चारजोडीने हे न ऐकल्यासारखं केलं. संसाराला लागणारी ही कला त्याला उत्तम येते.

त्यात त्याचा एक नियम आहे, एक कपडा घरात आला की एक गेला पाहिजे. गेला म्हणजे घराबाहेर, असं कुणाला वाटेल. तो जातो स्वयंपाकघरात. आजमितीला त्या घरात चार शर्ट आणि अगणित फडकी आहेत. ओट्याचं, फरशीचं, स्कूटरचं, सायकलच्या चेनचं. दुधाच्या पातेल्याला धरायला दोन बाह्या आहेत. पाहुण्याला पायपुसण्यावर खिसा दिसतो आणि त्यात पाय अडकतो.

न्यायाने एक सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली तेव्हा या माणसाने आम्हाला सगळ्यांना हरवलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही कपाटं माळ्यावर चढवत होतो, पैठण्या प्लॅस्टिकमध्ये बांधत होतो, कुठली पेटी आधी न्यायची यावरून भावाभावांत जुंपली होती. चारजोडी एक पिशवी घेऊन, वहिनींना आणि पोराला पुढे घालून, पाच मिनिटांत बाहेर पडला. मागे वळूनही बघितलं नाही. आमचे शर्ट पुढं चार महिने गाळाच्या रंगाचे होते. पाणी उतरल्यावर राज्यभरातून मदत आली. तिच्यात जुन्या कपड्यांचे डोंगर होते. चेन तुटलेल्या पँटी, एकेकटे मोजे, आणि देव जाणे कुणाचा तरी जरीचा घागरा. लोकांनी आपलं कपाट रिकामं केलं होतं, आणि ते दान म्हणून आमच्या दारात येऊन पडलं. कुणी घेईना म्हणून त्यातलं कितीतरी रस्त्याकडेला कुजलं. त्या ढिगाकडे बघून चारजोडीसुद्धा गप्प झाला. एरवी तो ढीग दिसला की उकिडवा बसतो.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींकडेही तीनच साड्या आहेत, तिन्ही दुसऱ्यांनी दिलेल्या. चारजोडीला घरी बोलावून तत्त्वज्ञान विचारणारे लोक आहेत. मावशींना आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर त्या बहुतेक चौथी साडी मागतील.

आता त्याच्या साधेपणाचं खरं यंत्र कसं चालतं ते सांगतो. लग्नसराई आली की चारजोडी संध्याकाळी सहज म्हणून येतो. चहा घेतो. मग माझ्या कपाटाकडे बघून म्हणतो, "तुझं ते नेहरू जाकीट रिकामंच हाय न्हवं?" जाकीट माझं, कुर्ता त्याच्या मेहुण्याचा, फेटा गल्लीतल्या तालमीचा. मुलाखतीसारखं काही असलं तर ब्लेझर त्याच्या साहेबांचा. महाबळेश्वरला गेला तेव्हा स्वेटर माझ्या वडिलांचं होतं आणि कानटोपी माझ्या मुलाची. माझ्या कपाटात आता त्याचा असा एक हँगर आहे. त्यावर कपडा माझा असतो, हक्क त्याचा. एकदा मीच ते जाकीट घालून बाहेर पडलो तर हा म्हणाला, "आरं, शनिवारी मला लागतंय. डाग पाडू नको." म्हणजे या माणसाचं कपाट लहान आहे ही अफवा आहे. ते पाच-सहा घरांत पसरलेलं आहे, आणि त्याची धुलाई-इस्त्री, डांबराच्या गोळ्या, सगळं त्या त्या घराकडे.

वर आम्हाला उपदेश. माझ्या कपाटासमोर उभा राहून तो एकेक हँगर सरकवतो. "ह्यो वर्षात घातलास का? न्हाई. मग कशाला ठेवलायस?" त्या शर्टाची माझी माया तुटेपर्यंत बोलत राहतो, आणि मी 'घेऊन जा बाबा' म्हटलं की मापाला लावून बघतो. सगळं शहर त्याच्या मताचं झालं तर याला शर्ट कुठून मिळणार, हा प्रश्न मी विचारला होता. तो म्हणाला, "तुझ्यासारखी हाईत की अजून."

परवाच्या लग्नात मात्र गंमत झाली. हॉल फुलेवाडी रोडचा, पंगत बसलेली. चारजोडी त्याच्या किरमिजी शर्टात, वर माझं जाकीट. समोर मुलाचे मामा जेवत होते, कागलकडचे, मिशीवाले. मामांचा घास हातातच राहिला. मग ते ताटावरून पुढे वाकले आणि त्यांनी चारजोडीची बाही धरली.

"पाव्हणं, ह्या रफूच्या खाली उदबत्तीचं भोक हाय."

"हाय. तुमाला कसं कळलं?"

"मीच पाडलंय! सत्यनारायणाला!"

शर्ट मामांचा निघाला. त्यांना तो लाभत होता म्हणे. तो घालून गेलेलं एकही काम कधी अडलं नव्हतं. मामींनी मागच्या वर्षी बोहारणीला देऊन टाकला, आणि त्यानंतर शेताची केस मामांच्या विरुद्ध गेली. मामी दोन खुर्च्या पलीकडे होत्या. त्या जेवत राहिल्या.

दुसऱ्या कुणाची मान खाली गेली असती. चारजोडीने छाती पुढे काढली, जाकीट उघडलं आणि शर्ट किती छान राखलाय ते मामांना अंगावरच फिरवून दाखवलं. कॉलर उलटवून घेतली होती, खालची दोन काजं नवी होती. मामांनी काजांवरून हळूच बोट फिरवलं. त्यांचा आवाज बदलला.

"किती द्यायचं बोला."

"पैसं नगोत. एक आला की एक गेला पायजे, आपला नियम हाय."

"म्हंजे?"

"बोहारणीनं काय दिलं हुतं ह्याच्यावर?"

मामांनी मामींकडे बघितलं. मामींनी शेवटचा घास संपवला, पाणी प्यायल्या.

"स्टीलचं पातेलं."

चारजोडी विचारात पडला. पातेलं कपाटात मोजायचं की नाही, हा प्रश्न त्याच्यासमोर प्रथमच आला असावा. तेवढ्यात मागच्या पंगतीतून वहिनी वाढपाची वाट चुकवत आल्या आणि मामींच्या खुर्चीला टेकून उभ्या राहिल्या.

"वैनी, किती लिटरचं हाय? आणि झाकण हाय काय त्येला?"