बळकटीकरणाचा मसुदा

तरुण संशोधकांना प्रतिनिधित्व देण्यात महाराष्ट्राचा हात कोणी धरणार नाही. 1994च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या खुल्या विद्यार्थी निवडणुका थांबवल्या, 2016च्या कायद्याने परत आणल्या. 2019मध्ये मुहूर्तही निघाला. तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली आणि घाईघाईत होणारी लोकशाही टळली.

त्याआधी 2006मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीने संशोधक उमेदवाराला 28 वर्षांची मर्यादा सुचवली होती. तीही सोयीचीच. आमचा जामनेरचा पीएच.डी.वाला सकाळी तासिका तत्त्वावर शिकवतो, दुपारच्या एसटीने जळगावला विद्यापीठात जातो, मार्गदर्शक बैठकीला गेलेत एवढं ऐकून संध्याकाळी परततो. विषयाला मान्यता मिळेस्तोवर अठ्ठाविशी उलटते. प्रचाराचा खर्च वाचतो, तो वेगळाच.

संशोधकांचं प्रतिनिधी मंडळ बळकट करायचं तर नमुना घरचाच आहे. पाचोरा-जामनेरची पीजे गाडी टाळेबंदीत बंद झाली, मग रूळ रुंद करायचे म्हणून बंदच राहिली. संशोधकांचं मंडळही आधी बंद ठेवावं, रुंदी मग ठरवू.

तोवर तक्रारींची सोय हवीच. तक्रार पाच प्रतींत, ज्या मार्गदर्शकाविरुद्ध आहे त्याच्याच सहीने सादर करावी. सोबत वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल जोडावा. शोधनिबंधाला दहा टक्के साम्य चालतं, तेवढंच इथेही चालेल.

पहिल्याच फेरीत सगळ्या तक्रारी बाद होतील. ‘विद्यावेतन थकलं आहे’ हे वाक्य प्रत्येकानेच लिहिलेलं असणार.