श्री. आयएसओ-८८५९-१ यांस अनावृत पत्र



आपण मूळचे रोमन लिपीचे एन्कोडिंग; यवतमाळ जिल्ह्याच्या १६ तालुक्यांत आपण पाहुणे म्हणून आला असता तर हरकत नव्हती. पण सर्व्हरच्या दारात उभे राहून प्रत्येक मराठी पानाची ओळख आपणच करून देऊ लागलात. 'यवतमाळ' या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने काना धरून ६ चिन्हे. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकाचे ३ बाइट, म्हणजे १८. आपल्या राज्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, म्हणून ब्राउझर १८ चिन्हे छापतो: माथ्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' सहादा, प्रत्येकामागे चलनाची खूण, आणि तिसऱ्या जागी खरी करामत. 'म'च्या वाट्याला नोंदणीकृत व्यापारचिन्ह येते, काना पाऊण होतो, 'ळ'चा घन होतो. २०१९ साली याच गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. इतके नवसाहित्य तिथेही कुणी वाचले नसेल.

तरीही मजकूर शाबूत आहे, हे माझे म्हणणे. सर्व्हरला वगळून तीच फाइल थेट संगणकावरून उघडा, मराठी स्वच्छ दिसते. म्हणजे फॉन्ट निर्दोष, टंकलेखकही निर्दोष; खोटी आहे ती सर्व्हरने पानासोबत पाठवलेल्या हेडरमधली 'कॉन्टेन्ट-टाइप'ची ओळ. पानात एन्कोडिंग सांगणारा मेटा टॅग आहे की, असे कुणी म्हणेल. आहे, पण हेडरने एन्कोडिंग सांगितले की ब्राउझर मेटाला विचारत नाही. वाचकाने एन्कोडिंग बदलून घ्यावे म्हणणाऱ्याने दारव्ह्याच्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर तो मेनू आधी शोधून दाखवावा. सर्वांत घातक तो उत्साही, जो पडद्यावरचा बिघडलेला मजकूर उचलून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये साठवतो. तोवर फक्त ओळख चुकलेली असते; आता १८ बाइटांचे ३६ होतात आणि खोटे फाइलीतच मुरते.

अपाचे या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅडडिफॉल्टकॅरसेट'पुढे 'ऑन' लिहून कुणीतरी निर्धास्त झालेले असते. त्या 'ऑन'चा अर्थ आपणच, महाराज! तिथे यूटीएफ-८ लिहावे, सर्व्हर पुन्हा सुरू करावा, हेडर मागवून तपासावे; काम एवढेच. वजनदार आक्षेप एकच: शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमधली जुनी पाने. त्यांत मराठी नसतेच, रोमन चिन्हांवर मराठी मुखवटा असतो, आणि यूटीएफ-८ म्हणून वाचल्यास त्यातली काही चिन्हे फुटतात. म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर होईपर्यंत ती वेगळ्या फोल्डरात ठेवावीत आणि तेवढ्या फोल्डराचा कारभार खुशाल आपल्याकडे राहू द्यावा.

कळावे,
यवतमाळचा एक वाचक