मिरचीवाले तात्या

चैत्र लागला की औरंगपुऱ्यातल्या तात्यांना कंठ फुटतो. एरवी घरात त्यांना कोणी विचारत नाही. पण वर्षाचं तिखट म्हटलं की खातं त्यांचं.

मोंढ्यात तात्या दिसले की दुकानदार आधी चहा सांगतो. वेळ लागणार, हे त्याला ठाऊक असतं. तात्या एक मिरची उचलून कानाशी हलवतात. बी खुळखुळलं तर वाळलेली. मग देठ मोडतात. कट्‌कन मोडला तर ठीक, नुसता लवला तर, "वजनाला पाणी मारलं का रे?" आणि फारच चकाकली तर तेलाचा हात फिरवलाय म्हणून संशय.

"काका, ओरिजनल ब्याडगी आहे!"

"ब्याडगी गाव हावेरी जिल्ह्यात. २०११ साली तिथल्या मिरचीला जीआय मानांकन मिळालं. तुझं पोतं कुठनं आलंय?"

दुकानातला पोऱ्या पोत्याकडे बघतो, पोतं गप्प.

शेवटी रंगाला ब्याडगी आणि झणक्याला गुंटूर, असा सौदा होतो. गच्चीवर जुनी नऊवारी अंथरून मिरच्या पसरल्या जातात. काकू देठं खुडतात, तात्या देखरेख करतात. ऊन उतरलं की गोळा करा, अवकाळीचा भरवसा नाही, हा हुकूम खुर्चीवरून सुटतो. काकू नाकाला पदर लावून म्हणतात, "मिरच्या तुमच्या, शिंका आमच्या."

गेल्या वर्षी व्हॅलेन्सियाच्या सूनबाईंनी स्पेनमधल्या तिखटाचा, पिमेंतॉनचा डबा पाठवला. तात्यांनी हुंगला. "धूर लागलाय. ऊन मिळालेलं नाही ह्या मिरचीला." नातवानं मोबाईलवर पाहिलं, तर खरंच! स्पेनच्या ला वेरा भागात मिरची काढणीला येते तेव्हा पावसाळी हवा असते. म्हणून ती ओकच्या लाकडांच्या धुरावर दोनेक आठवडे सुकवतात. धुराचा तो वासच तिथल्या स्वयंपाकात नावाजला गेलाय.

अंदाज बरोबर निघाला, हीच पंचाईत झाली. आता तात्या कोलंबसापासून सुरू करतात, पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरतात आणि सांगतात, "मिरची त्यांनी आणली, कबूल. ऊन आपलं!" तोवर कांडपवाल्याकडचा नंबर निघून गेलेला असतो.

एप्रिलात औरंगपुऱ्यातून मिरचीची पिशवी घेऊन जाणार असाल आणि वरून कोणी "काय भावानं आणली?" असं विचारलं, तर भाव कमी सांगू नका. नाहीतर त्या दुकानात तात्यांना घेऊन तुम्हालाच परत जावं लागेल.