पाच सेकंदांचा थांबा
लागोपाठ अनेक प्रोग्राम चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे एक्सेलमधून आकडे उचलून वर्डमध्ये पावत्या भरणारी आणि आउटलुकमधून त्या धाडणारी आज्ञांची यादी, पुण्यातल्या बावधनच्या एखाद्या सोसायटीच्या कार्यालयात बिघडते, तेव्हा दोष बहुधा घाईचा असतो. ‘सेंडकीज’ ही आज्ञा समोर असेल त्याच खिडकीत कळा दाबत असल्याने वर्ड उघडण्याआधीच देखभाल खर्चाचा आकडा भलत्याच ईमेलच्या विषयाच्या चौकटीत जाऊन बसतो. हवी ती खिडकी पुढे आली का हे तपासणे हा खरा उपाय. तो ठाऊक असूनही ५ सेकंदांचा थांबा घातला जातो, महिनाअखेरीस त्याचे २० होतात, आणि ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, अर्थात चूक झाली तरी पुढे चला, हे सर्वांत वर लिहिले की तक्रारच उरत नाही. बावधनजवळच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी तो पाडण्यासाठी केलेल्या स्फोटाने पुरता पडला नाही, तेव्हा उरलेला सांगाडा निदान दिसत तरी होता; अर्धवट कोसळलेल्या स्क्रिप्टमागे मात्र पडद्यावर न दिसणारे एक्सेल चालूच राहते, आणि त्याने धरून ठेवलेली फाइल सकाळी ‘केवळ वाचनासाठी’ उघडते.