मेंदू ऐकत नाही

जानेवारी 2024 मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंकने पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत चिप बसवली. केसाहून बारीक 64 तंतू, त्यांवर 1024 इलेक्ट्रोड आणि ते रोवायला खास यंत्रमानव. थाट असा, की माणूस आता एआयच्या खांद्याला खांदा लावणार! काही आठवड्यांतच बरेचसे तंतू आपले आपण मागे सरकले. मेंदू ठोक्यागणिक, श्वासागणिक कवटीत हलत असतो, हे कोणताही न्यूरोसर्जन सांगेल. गुंतवणूकदारांपुढच्या स्लाइडवर मात्र मेंदू गुमान बसलेला असतो. कंपनीने सॉफ्टवेअरची डागडुजी करून वेळ निभावून नेली.

जे तंतू जागेवर राहतात, त्यांच्याभोवती ग्लिया पेशी जमतात आणि व्रणाचं कुंपण घालतात. मग सिग्नल हळूहळू मंदावतो. शिवाय न्यूरॉन सुमारे 86 अब्ज. त्यांपुढे हजारभर इलेक्ट्रोड म्हणजे दर्यात खसखस.

राहिला वेग. कॅल्टेकच्या दोन अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर माणसाच्या विचार-कृतीचा वेग निघाला सेकंदाला जेमतेम 10 बिट. तार कितीही जाड टाका, पलीकडून येणार तेवढंच.

ही पहिली चिप बसवलेल्या, खांद्याखाली लुळ्या पडलेल्या तरुणाला नुसत्या मनाने कर्सर हलवून बुद्धिबळ खेळता आलं, हे यश बावनकशी आहे. त्याला मनापासून टाळ्या वाजवा. महामानव होण्यासाठी मात्र इतक्यात टक्कल करून रांगेत उभे राहू नका.