दशांशराव

डिझाइन ऑफिसात एसीच्या बरोबर खाली जे टेबल असतं, ते दशांशरावांचं. भोसरी, अंबड, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जा. आडनाव बदलेल, टेबल बदलणार नाही. माणूस एरवी सरळ. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. नाद एकच: पूर्णांक दिसला की बिंदू द्यायचा आणि मागे तीन शून्यं बसवायची. नुसतं ५० लिहिलेलं त्यांना उघडंबोडकं वाटतं. ५०.००० लिहिलं की कसं अंगभर कपडे घातल्यासारखं.

त्यांच्या आधीच्या पिढीला ही चैन परवडत नव्हती. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने, स्टेन्सिल धरून एकेक आकडा काढायचा आणि चुकला तर ब्लेडने खरवडायचा, असं काम. फुकटची शून्यं कोण काढत बसणार? १९८२ साली ऑटोकॅड आलं, पुढे आपल्याकडेही पोचलं, आणि शून्यं स्वस्त झाली. डायमेन्शन स्टाइलमध्ये जाऊन प्रिसिजनच्या यादीतून दशांश निवडला की कागदावरचे सगळे आकडे एका दमात लांब होतात. ऑटोकॅड आठ दशांशांपर्यंत जाऊ देतं. मिलिमीटरचा आठवा दशांश म्हणजे लोखंडाच्या अणूचा साधारण पंचविसावा हिस्सा. दशांशराव तीनवर थांबतात, याबद्दल खरं तर त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कारच करायला हवा. शेवटची शून्यं गाळायची सोयही तिथेच आहे, पण त्या चौकटीत त्यांनी आजवर टिचकी मारलेली नाही.

लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांनी छापतात आणि तो +४५/−० अशा टॉलरन्सने लागतो, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सदतिसाव्या मिनिटाला मुठीत अक्षता घेऊन तयार असलेला एकच पाहुणा मांडवात दिसतो. मंगलाष्टकं लांबली की तो भटजींकडे अशा नजरेने बघतो, की आता रिजेक्शन नोट फाडणार.

शून्यांचं हे वेड निरुपद्रवी राहिलं असतं, पण मध्ये टायटल ब्लॉक आला. ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातली ती चौकट कोणी वाचत नाही, आणि सगळे कायदे तिथेच लिहिलेले असतात. आपल्याकडे बहुधा तिथे ‘आयएसओ २७६८-एम’ असतं. मग ४५० मिमीच्या मापाला ±०.८ मिळतात, मागे शून्यं कितीही लावा. अमेरिकन इंचांच्या ड्रॉइंगवर रीत निराळी. तिथे दशांश मोजून टॉलरन्स ठरतो: दोन असतील तर ±०.०१ इंच, तीन असतील तर ±०.००५ इंच, असं काहीसं कोपऱ्यात लिहिलेलं असतं. म्हणजे तिथे शून्याला खरोखर पैसे पडतात.

दशांशरावांनी एका अमेरिकन ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून टेम्प्लेट उचललं. दिसायला देखणं होतं. त्यात ‘इंच’ खोडून ‘मिमी’ केलं. आकडे तसेच ठेवले. त्या क्षणी ±०.००५ इंचाचे, म्हणजे सव्वाशे मायक्रॉनचे, झाले पाच मायक्रॉन. मग त्याच टेम्प्लेटवर त्यांनी कन्व्हेयरच्या साखळीवरचं पत्र्याचं गार्ड काढलं. लांबी ४५०.०००.

वेंडरचा फोन आला. “साहेब, हे गार्डच आहे ना? साखळीत हात जाऊ नये म्हणून?”

“हो. मग?”

“नाही, पाच मायक्रॉन म्हणताय. त्याच्यावर पावडर कोटिंगच साठ-सत्तर मायक्रॉनचं बसतंय.”

“अहो, ड्रॉइंगप्रमाणे करा ना तुम्ही.”

“करतो की. पण साडेचारशेचं पोलाद एक डिग्री तापलं की पाच मायक्रॉन वाढतं. म्हणजे माल पास करताना पंखा बंद करायचा नाही, एवढं तुमच्या क्वालिटीवाल्यांना सांगून ठेवा. आणि शून्यांचे पैसे वेगळे पडतील.”

गार्ड पट्टीने मोजून कापलं गेलं, व्हर्नियर लावून पास झालं आणि छान बसलं. व्हर्नियर ०.०२ च्या खाली वाचतच नाही, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. शॉपने मात्र आपल्यापुरता नियम करून टाकला: दशांशरावांचं ड्रॉइंग आलं की बिंदूपुढचं वाचायचं नाही.

माझं मत विचाराल तर याला काटेकोरपणा म्हणू नये. काटेकोर माणूस आधी विचारतो, हे माप किती चुकलेलं चालेल? उत्तर हवं तर तो भाग कशात बसतो, कशाला घासतो, हे बघायला खाली शॉपवर उतरावं लागतं. शॉपवर एसी नाही.

पुढच्याच महिन्यात ६२०५ बेअरिंगचं हाउसिंग निघालं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२. त्या कामाला बोअर ५२ एच७ हवा होता, म्हणजे शून्य ते अधिक तीस मायक्रॉन. अख्ख्या ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिण्यासारखी जागा ही एवढीच. तिथे दशांशरावांनी लिहिलं ५२.०००, आणि समाधानाने प्रिंट दिली. त्यांच्या टायटल ब्लॉकप्रमाणे ५१.९९५ चाही बोअर चालला असता, ज्यात बेअरिंग हातोड्याने ठोकावं लागलं असतं. पण ती वेळ आली नाही. खालच्या माणसाने सवयीने शून्यं गाळली आणि लेथवर बोअर मारून दिला, बावन्न आणि वर आठ शतांश. बेअरिंग खुळखुळ्यासारखं वाजू लागलं.

मीटिंग झाली. दशांशरावांनी कोणावर आवाज चढवला नाही. शॉपला अचूकतेचं गांभीर्य नाही, एवढंच ते खेदाने म्हणाले आणि टेबलाशी परतले. डायमेन्शन स्टाइल उघडली, प्रिसिजनच्या यादीत एक ओळ खाली गेले, ओके दाबलं. संध्याकाळी रिव्हिजन बी निघाली. त्यात ५२.००००. एच७ नाही.

तासाभराने वेंडरचा फोन.

“साहेब, तीनपर्यंतचा रेट आपला ठरलाय. चौथ्याचं काय लावू?”