नवस फिटला, पत्रावळ्या उरल्या

उचगावची मळेकरणी देवी नवसाला पावते, अशी बेळगावकरांची श्रद्धा. मंगळवारी-शुक्रवारी बकरी कापली जातात, जेवणावळी उठतात. भक्त मनाने हलका होऊन परततो. प्लास्टिकची ताटं, पेले, बाटल्या शिवारातच राहतात. त्यापुढे मार्कंडेय नदी आहेच.

याच नदीवरच्या राकसकोप धरणाचं पाणी बेळगाव पितं. राकसकोप पडलं वरच्या अंगाला, त्यामुळे शहराच्या घशाला काही खुपत नाही!

गाडगेबाबांचा (१८७६–१९५६) क्रम उलटा होता. दिवसा खराट्याने गाव झाडायचं, रात्री कीर्तनातून मनं. देवापुढच्या पशुबळीलाही त्यांचा कडाडून विरोध. हल्ली मनाची सफाई आधी उरकते, तीही रश्शाच्या दुसऱ्या वाटीबरोबर, आणि खराट्याचं बघायला ग्रामपंचायत असते.